उत्तर देण्याची सक्ती : कॅलिफोर्नियातील नागरी ग्रँड ज्यूरी

लोकशाहीत नागरिकाचे काम मतदानाने संपते काय, हा राज्यशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. निवडणुका ठरावीक वर्षांनी होतात, पण सरकारी कचेऱ्या रोज उघडतात आणि सामान्य माणसाचा संबंध येतो तो या कचेऱ्यांशी. त्यांचा कारभार कोणी पाहायचा? वरचे अधिकारी पाहतात, लेखापरीक्षक पाहतात, प्रसंगी न्यायालयही पाहते. पण ज्याला पगार नाही, पद नाही आणि पुढची निवडणूकही लढवायची नाही, अशा साध्या नागरिकाला कायद्याने हा अधिकार दिला तर काय होईल? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असा प्रयोग दीर्घकाळ चालू आहे. त्याची ओळख विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, या हेतूने मी हा लेख लिहीत आहे.

जुने नाव, नवे काम

ग्रँड ज्यूरी ही मूळची इंग्लंडची संस्था. राजा दुसरा हेन्री याच्या ११६६ मधील क्लॅरेंडनच्या फर्मानात तिचे मूळ सापडते. एखाद्यावर खटला भरण्याइतका पुरावा आहे की नाही, हे गावातील पंचांनी ठरवावे, एवढाच तिचा प्रारंभीचा हेतू होता. आपल्या मुंबईलाही ही संस्था अपरिचित नव्हती. कंपनी सरकारच्या काळात तेथील सुप्रीम कोर्टात ग्रँड ज्यूरी बसत असे. १८३२ च्या कायद्याने ख्रिस्तीतर हिंदी नागरिकांनाही तिचे दार उघडले, आणि १८६५ मध्ये ती आपल्याकडे बंद झाली. इंग्लंडनेही १९३३ मध्ये तिला जवळजवळ निरोप दिला.

कॅलिफोर्नियाने मात्र या जुन्या संस्थेला नवे काम दिले. त्या राज्यात ५८ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळ मानाने आपला जिल्हा, पण तिचा कारभार निवडून आलेल्या पर्यवेक्षक मंडळाच्या हाती असतो. प्रत्येक काउंटीत दरवर्षी निदान एक ग्रँड ज्यूरी नेमलीच पाहिजे, असे राज्यघटनेच्या पहिल्या प्रकरणातील २३ व्या कलमात म्हटले आहे. ही ज्यूरी कोणाला शिक्षा करीत नाही. काउंटीची खाती, शहरे, विशेष जिल्हे आणि तुरुंग यांचा कारभार तपासून अहवाल देणे, हे तिचे मुख्य काम असते. म्हणूनच तिला 'नागरी' ग्रँड ज्यूरी म्हणतात.

रचना आणि रीत

बहुतेक काउंट्यांत ज्यूरीचे १९ सदस्य असतात. लॉस एंजेलिससारख्या अतिविशाल काउंटीत २३, तर अगदी लहान काउंटीत ११. सदस्य अठरा वर्षांवरील नागरिक असावा, काउंटीत निदान एक वर्ष राहिलेला असावा, त्याला इंग्रजीचे पुरेसे ज्ञान असावे आणि तो निवडून आलेल्या पदावर नसावा, अशा अटी आहेत. न्यायालय इच्छुकांच्या मुलाखती घेऊन यादी करते आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून नावे काढली जातात. मुदत एक वर्षाची असते. कायद्यात ठरलेला भत्ता दिवसाला १५ डॉलर. काउंटीला वाटल्यास ती अधिक देऊ शकते.

विद्यार्थ्यांनी येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे एकट्या सदस्याला कोणताही अधिकार नाही. जो काही अधिकार आहे तो मंडळाचा. एकोणीस जणांपैकी निदान बारा जणांची संमती असल्याशिवाय अहवाल बाहेर पडत नाही. दुसरी गोष्ट गुप्ततेची. कोणी तक्रार केली, कोण काय बोलले, हे कधीही उघड करायचे नसते. त्यामुळे खात्यातला कनिष्ठ कारकूनसुद्धा वरिष्ठांची भीती न बाळगता बोलू शकतो. चौकशी गुप्त, पण अहवाल जाहीर, अशी ही रीत आहे.

उत्तराचे चार प्रकार

या संस्थेचे खरे बळ अहवालानंतर दिसते. पर्यवेक्षक मंडळाला किंवा शहराच्या कौन्सिलला ९० दिवसांत, आणि शेरीफसारख्या निवडून आलेल्या अधिकाऱ्याला ६० दिवसांत लेखी उत्तर द्यावेच लागते. 'आपला अहवाल पोहोचला, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असले गुळमुळीत उत्तर चालत नाही. प्रत्येक शिफारशीबाबत चारांपैकी एकच गोष्ट सांगता येते : ती अमलात आणली, अमुक मुदतीत अमलात आणू, अधिक अभ्यास हवा, पण तो सहा महिन्यांच्या आत करू, किंवा ती अमलात आणणार नाही आणि त्याचे कारण हे. शिफारस नाकारण्याची मुभा आहे, गप्प बसण्याची नाही.

मुलांच्या रक्षणाचा प्रश्न

कॅलिफोर्नियात बालकल्याणाचे काम काउंटीकडे असते. घरी मुलाचा छळ होत असल्याची वर्दी आली, की काउंटीचा समाजसेवक चौकशी करतो आणि प्रसंगी मूल घरातून हलवले जाते. हे काम मोठे अवघड. मूल घरी ठेवले तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो, आणि विनाकारण हलवले तर एक कुटुंब मोडते. शिवाय मुलांच्या हितासाठी ही प्रकरणे गोपनीय असतात. त्यामुळे मुलाला झाकणारा पडदा खात्याच्या चुकाही झाकतो.

सॅन डिएगो काउंटीच्या १९९१-९२ च्या ग्रँड ज्यूरीने याच पडद्याआड पाहण्याचा प्रयत्न केला. व्यवस्थेचा तोल मुले घरातून काढण्याकडे झुकला आहे आणि तिच्यावर पुरेसा अंकुश नाही, असे कठोर निष्कर्ष तिने मांडले. तिचे अहवाल त्या काळी खूप गाजले. पुढे १९९६ मध्ये बालछळ-प्रतिबंधाच्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक राज्यात नागरिकांची समीक्षा मंडळे नेमण्याची अट घालण्यात आली. म्हणजे बालकल्याणाच्या कामावर सामान्य नागरिकाची नजर हवी, हे तत्त्व साऱ्या देशाने मान्य केले.

पॅराडाइजची आग

आता दुसरे उदाहरण. बट काउंटीत डोंगराच्या सोंडेवर, पाइनच्या रानात पॅराडाइज नावाचे गाव आहे. २००८ च्या जूनमध्ये जवळच वणवा पेटला. हजारो लोक एकदम गाव सोडू लागले, उतरणीच्या वाटा आगीने बंद झाल्या आणि मोटारींची रांग जागच्या जागी अडकली. काउंटीच्या २००८-०९ च्या ग्रँड ज्यूरीने याची दखल घेतली. बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या आहेत, आणि वणव्याचा धोका असलेल्या भागात नवी घरे बांधणे तूर्त थांबवावे, असे तिने सांगितले. पर्यवेक्षक मंडळाने बांधकामबंदीची ही शिफारस नाकारली. सुधारलेले बांधकाम-नियम आणि अग्निप्रतिबंधक अटी पुरेशा आहेत, असे त्याचे म्हणणे होते.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी पेटलेला 'कॅम्प फायर' हा वणवा काही तासांत गावात शिरला. ८५ माणसे मरण पावली, त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. १८,००० हून अधिक इमारती जळाल्या. गाव टप्प्याटप्प्याने, विभागवार रिकामे करण्याची योजना आखलेली होती, पण आग सगळ्या विभागांत जवळजवळ एकाच वेळी आली. 'स्कायवे' या मुख्य रस्त्याच्या बाजारपेठेतील मार्गिका तर मधल्या वर्षांत चारांवरून दोनवर आणल्या होत्या.

ज्यूरीचे ऐकले असते तर सारे वाचले असते, असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. गावातील बहुतेक घरे अहवालाच्या आधीपासूनच उभी होती, आणि आग लागली ती वीज कंपनीच्या जुन्या वाहिनीमुळे. त्या गुन्ह्याचा विचार करण्यासाठी वेगळी ग्रँड ज्यूरी बसली आणि २०२० मध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीने सदोष मनुष्यवधाचे ८४ आरोप कबूल केले. परंतु धोका कोठे आहे हे साध्या नागरिकांनी नऊ वर्षे आधी लिहून ठेवले होते, एवढे तर नाकारता येणार नाही.

मर्यादा आणि बोध

या संस्थेत उणिवा आहेत. शिफारशी बंधनकारक नाहीत. वर्षभर एवढा वेळ मुख्यतः निवृत्तांनाच देता येतो, त्यामुळे तरुण आणि रोजंदार माणसे ज्यूरीत कमी दिसतात. दरवर्षी मंडळ बदलते, आणि गेल्या वर्षीच्या आश्वासनांचे काय झाले हे विचारायला जुने सदस्य बहुधा नसतात. माझ्या मते ही शेवटची उणीव सर्वांत घातक आहे. मुदतीचे वचन देणाऱ्याला ती मुदत उलटल्यावर विचारणारा कोणी नसेल, तर ते वचन कागदावरच राहते.

तरीही अभ्यासकाच्या दृष्टीने या प्रयोगाचे मोल मोठे आहे. अधिकार नसतानाही प्रश्नाला वजन कसे येते, हे तो दाखवतो. प्रश्न लेखी हवा, पुराव्यावर उभा हवा, उत्तराला मुदत हवी, आणि नकाराला कारण हवे. पॅराडाइजच्या बाबतीत आज आपण मंडळाच्या नकाराची चर्चा करू शकतो, ती तो नकार कारणासह नोंदवला गेला म्हणूनच. आपल्या नगरपालिकेचा किंवा जिल्हा पंचायतीचा एखादा अहवाल विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा आणि त्यातील प्रत्येक शिफारशीपुढे वरच्या चार उत्तरांपैकी कोणते लागू पडते, ते लिहून पाहावे. किती रकाने कोरे राहतात, यावरून आपला अभ्यास कोठून सुरू करायचा ते कळेल.