फडाच्या पाटापासून घ्यावयाचा धडा

धुळें जिल्ह्यांतील पांझरा नदीवरची फडपद्धति सुमारें 300 वर्षांची जुनी मानितात. बंधाऱ्यानें वळविलेलें पाणी पाटानें शेतांत आणावयाचें, भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड पाडावयाचे, आणि एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, अशी तिची रचना. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. त्यामुळें पाणी अपुरें पडल्यास एखादा फड कोरडा ठेवीत, व ती झळ लहानथोर सर्वच सोशीत. दारें धरण्याचें काम पाटकऱ्याचें. मालकानें त्यांत हात घालावयाचा नाहीं.

आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, दगडी बंधारा एकदां बांधला म्हणजे पिढ्यानुपिढ्या टिकतो. पाटांतला गाळ मात्र दरसाल काढावा लागतो, आणि तो शेतकरी मिळून काढीत. पुढें विहिरी वाढल्या, वरच्या अंगास धरणें झालीं, व कित्येक ठिकाणीं ही एकजूट सैल पडली. बंधारे उभे राहिले, पाट बुजले.

पूर्वजांचा खरा वारसा दगडांत नसून दरसालच्या त्या कुदळफावड्यांत आहे. यास्तव पावसाळ्यापूर्वीं आपण आपल्या शिवारांतील पाट व चर शेजाऱ्यांसह उपसून घ्यावे, हें बरें.