अजगराचे जेवण आणि माझी दुधाची वाटी

लहानपणी एका नागपंचमीला मी गारुड्याच्या नागापुढे दुधाची वाटी ठेवली. तो प्यायला, मला पुण्य लाभल्यासारखे वाटले. पुढे वाचनात आले, की साप निव्वळ मांसाहारी; दूध त्याला पचत नाही. गारुडी त्याला तहानलेला ठेवतो, म्हणून तो पितो.

अमेरिकेत पुष्कळ लोक घरी अजगर पाळतात. त्यांची रीत अभ्यासण्याजोगी आहे. भक्ष्य साधारणपणे सापाच्या सर्वांत जाड भागाइतके जाड निवडतात : पिलाला छोटा उंदीर, थोराड अजगराला ससा. ते अख्खेच देतात, कारण हाडांतून कॅल्शियम मिळते. शेतातला उंदीर विष खाल्लेला असू शकतो आणि जिवंत उंदीर सापालाच चावतो. म्हणून खास पैदाशीचे, गोठवलेले उंदीर विकत आणून, पुरते वितळवून, कोमट करून देतात. थोराड अजगराला एक जेवण कित्येक आठवडे पुरते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग किंवा आपला अजगर पाळता येत नाही. तरीही या अभ्यासाने मला ती वाटी आठवली. नागाला काय पचते, हे मी तेव्हा कुणालाच विचारले नव्हते.