मापांच्या वहीची मागची पानं

अड्याळला घराच्याच पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. मशीनवर बसून अठ्ठावीस वर्षं झाली. वाचनाची गोडी मात्र उशिरा लागली, पंचेचाळिशी उलटल्यावर. एका गिऱ्हाईक बाईंच्या कापडाच्या पिशवीत मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ चुकून राहून गेलं होतं. चार दिवसांनी त्या ब्लाउज न्यायला आल्या, तेव्हा पुस्तक परत करताना माझा हात जड झाला. त्यातूनच पुढे पक्षी पाहण्याचा नाद लागला. तेव्हापासून जे थोडंफार उमगत गेलं, ते असं.

१. वेळ मिळत नव्हता हे खरं नव्हतं. मी तो कामं आटोपण्यावर टाकून ठेवला होता. शिवणाऱ्या बाईची कामं कधीच आटोपत नाहीत. लग्नसराई सरली की शाळेचे गणवेश येतात, त्यामागून सणवार. मग एकदा लाइन गेली आणि मशीनची मोटर थांबली. पूर्वी अशा वेळी जीव चडफडायचा. त्या दिवशी दारात उजेडाला बसून दोन पानं वाचली. आजही माझं बरंचसं वाचन लाइन गेल्यावरचंच आहे. खुणेसाठी पानात धागा घालते. लाइन आली की कधी कधी वाटतं, अजून पाच मिनिटांनी आली असती तर!

२. आपल्या भागावरही पुस्तक होऊ शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेच्या पुस्तकातला निसर्ग नेहमी दुसऱ्यांचा वाटायचा. समुद्र, सह्याद्री, किल्ले. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, पण वनाधिकारी म्हणून ते नवेगावबांधला राहिले. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा होईपर्यंत नवेगावबांध आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या तिथल्या जाणकारांकडून आणि रानात राहणाऱ्या माणसांकडून ते शिकत गेले. एवढा मोठा लेखक आपल्याकडच्या माणसांपाशी विद्यार्थी होऊन बसतो, हे वाचताना माझे डोळे भरून आले होते.

३. नाव कळलं की दिसायला लागतं. गावाबाहेरच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, मी लहानपणापासून जातेय. तेव्हा तिथं फक्त ‘पाणपाखरं’ होती. आता टिबुकली आहे, वारकरी आहे, वंचक आहे. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबून सरळ खाली झेपावणारा कवड्या धीवर आहे. आणि कमळपक्षी! पानांवरून चालणारा हा पक्षी पहिल्यांदा नीट पाहिला, मग पुस्तकात वाचलं की अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे त्यांच्यात बापाचं काम. त्यानंतर बोडीवर गेले की मी त्या बापालाच शोधते. बोडी तीच, पाणीही तेच. माझ्या डोळ्यांना मात्र ती चाळीस वर्षं उशिरा दिसली.

४. माझा धंदा मला पुरता येतो, हा समज एका पाखरानं उतरवला. घरामागच्या सांदवाडीतल्या जास्वंदीवर शिंपी पक्ष्याची जोडी आली. बोटाएवढा जीव, तांबूस टोपी, हिरवट पाठ, उभी शेपटी, आणि अंगाच्या मानानं आवाज केवढा! मादी चोचीनं पानाच्या कडेला बारीक भोक पाडायची, त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा नाहीतर कापसाचा तंतू ओढून घ्यायची. गाठ मारायची नाही. तंतूचं टोक भोकाबाहेर फुलून तिथंच अडकून बसायचं, आणि टाका पक्का! पानाच्या दोन कडा जुळून पिशवी झाली, वरची हिरवी बाजू बाहेर, म्हणून घरटं वेगळं दिसेचना. माझ्या दुकानात कैची आहे, मोटर आहे, सात रंगांचे दोरे आहेत. त्या दिवशी मुंढा जोडताना मी प्रत्येक टाका पुन्हा निरखून पाहिला.

५. रमण्यालाही सीमा हवी. ही गोष्ट मी चूक करून शिकले. घरटं पाहण्याच्या ओढीनं मी दिवसातून तीन-तीनदा फांदीजवळ जाऊ लागले. एकदा पान हातानं बाजूला केलं. दोन दिवसांनी जोडी दिसेनाशी झाली. आत तीन अंडी होती, गार. माझ्यामुळेच गेली असं कोणी म्हणालं नाही, पण माझं मन तेच सांगत होतं. आपल्याला आनंद होतोय म्हणजे समोरच्यालाही आपण हवे आहोत, असं नसतं. हे पाखरांपुरतंच आहे का, यावर मी पुष्कळ विचार केला. नवीन सुनेच्या खोलीत न विचारता जाणं मी त्याच सुमारास बंद केलं.

६. नाद एकटीचा राहत नाही. बोडीवर जाळं टाकणारे एक ढिवर बाबाजी आहेत. पहिल्या दिवशी मी पाण्याकडे टक लावून उभी होते, तर म्हणाले, “बाई, मंधी नोको पाहू, काठाले पाह्य. सारे काठालेच रायतेत.” त्यांनी पुस्तक वाचलेलं नाही, पण पुस्तकात सापडत नाही ते त्यांना ठाऊक असतं. आता गिऱ्हाइकंही माप देता देता बातमी देतात, “ताई, आमच्या वाडीत काल एक लांब शेपटीचा आलता.” मापांच्या वहीच्या पुढच्या बाजूनं छाती-कंबर-बाही, आणि मागच्या बाजूनं पाखरं, तारीख घालून.

७. चांगलं पुस्तक हळू वाचायचं असतं, हे मला पाखरांनी शिकवलं; घाई केली की हाती काही लागत नाही. सध्या चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र चालू आहे. १८ जून २०२५ ला ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. बातमी कळली तेव्हा माझा धागा पुस्तकाच्या मध्यावर होता. वाटलं, रात्र जागून संपवावं. मग नाही संपवलं. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा १२ नोव्हेंबर; या दोन तारखांमधले दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात मी दुकान तासभर उशिरा उघडते. दारावर पाटी लावत नाही. गिऱ्हाइकांना ठाऊक असतं, मी बोडीवर आहे, काठाकडे पाहत.