फिका तुरा आणि डी3

प्रश्न : ब्रॉयलरची 20 दिवसांची पिल्लं बसून राहतात, तुरे फिके पडलेत. पाण्यातून व्हिटॅमिन डी दिलं तर रक्त वाढेल का?

उत्तर : आधी लिटर बघा. विष्ठेत रक्त असेल तर कॉक्सिडिओसिसचा संशय घ्या, त्यावर डी3 चालत नाही. डी3 थेट रक्त वाढवत नाही. आतड्यातलं कॅल्शियम, फॉस्फरस रक्तात आणतं. डी3 कमी पडतंय का हे कळायला चोच दाबून पाहा. रबरासारखी वाकली तर मुडदूस असण्याची शक्यता मोठी. औषध घेताना डी3च घ्या, कोंबडीला डी2 फारसं लागू पडत नाही. तयार खाद्यात किलोमागे साधारण 3000 ते 5000 आययू असतंच. वर अंदाजाने ओतू नका, जादा कॅल्शियम मूत्रपिंडात साचतं. ताजं मेलेलं पिल्लू आजच पशुवैद्यकांकडे शवविच्छेदनाला न्या.