पाऊस झाला की आंब्यात अळी कुठून येते?

प्रश्न : आमच्या बांधावर रायवळ आंब्याची जुनी झाडं आहेत. वळवाचा पाऊस होईपर्यंत आंबा चांगला निघतो, पण दोन पाऊस झाले की कापावा तो किडका. घरातली मोठी माणसं म्हणतात, पावसाचं पाणी लागलं की आंब्यात अळी पडते. हे खरं का?
– एक वाचक, अवसरी बुद्रुक

उत्तर : मोठ्या माणसांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, कारण मात्र वेगळं. अळी पाण्याने होत नाही, ती फळमाशीची असते. पिकायला आलेल्या फळाच्या सालीत मादी सुईसारखी नळी खुपसून अंडी घालते. टोचल्याची खूण टाचणीच्या टोकाएवढी, म्हणून वरून फळ धडधाकट दिसतं. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात, आठवडाभर गर खातात आणि मग फळ सोडून मातीत कोषात जातात. आंबा कापल्यावर अंगाचं कडं करून ताटात टुणकन उडी मारते ना, ती हीच. तिला जमीन गाठायची असते.

थंडीत या किडीची वाढ रेंगाळते. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या कोरड्या मातीत कितीतरी कोष सुकून जातात. वळीव झाला की माती ओलावते, हवा दमट होते, कोष तगतात आणि माश्या बाहेर पडतात. नेमका तेव्हाच झाडावर आंबा पिकत असतो. कोकणातला आंबा तोवर बराचसा उतरलेला असतो. जुन्नर-आंबेगावचा मे-जूनमध्ये हाती येतो, म्हणून आपल्याकडे हा त्रास अधिक. पेरूचंही तेच : पावसाळी बहार किडका, हिवाळी बराच स्वच्छ.

मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली ती फळमाशीमुळेच. जानेवारी २०१५ मध्ये ती उठली. आता तिकडे जाणारा आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात.

बांधावर हे जमणार नाही, पण गळालेला आंबा वेचणं नक्की जमेल. माझ्या मते खरं काम तेच. तो उकिरड्यावर टाकू नका, अळी तिथेही कोषात जाते. दोन फूट खोल पुरा. फळं पोसू लागताच, पावसाची वाट न पाहता, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा टांगा. त्यात नर अडकतात, मादी नाही; शेजारी नराशी मिलन झालेली मादी उडून तुमच्या झाडावर येतेच, त्यामुळे शेजारच्या बांधांवरही सापळे हवेत. आणि पाड लागला की आंबा झाडावर पिकू न देता झेल्याने उतरवून अढीत घाला.