तबला सोडून ड्रम? एका पालकसभेनंतर घेतलेला ऐकण्याचा तास



मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. संगीताची शिक्षिका नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे जाणकारांनी चुका पोटात घालाव्यात. आजचा लेख मात्र संगीतावर आहे, आणि त्याचं कारण आहे दिवाळीआधीची आमची पालकसभा.

सातवीतल्या एका मुलाचे वडील गुणपत्रक हातात घेऊन माझ्यासमोर बसले. मला वाटलं, अपूर्णांकांबद्दल बोलतील. ते म्हणाले, "बाई, मार्कांचं सोडा. पाच वर्षं तबल्याची फी भरली. प्रवेशिका पूर्ण झाली, आता मध्यमा प्रथमचा फॉर्म भरायचा, तर हा म्हणतो, तबला नको, ड्रम पाहिजे. तुम्हीच समजवा." मुलगा शेजारी मान खाली घालून उभा होता. त्याच्या आईने हळूच भर घातली, "दिवसभर कानात ते इंग्लिश धडामधुडूम. शेजारचे काका पण बोलले."

मी "बघते, बोलते त्याच्याशी" असं म्हणून वेळ मारून नेली. पण घरी जाताना लोकलमध्ये शोभाताई गुर्टू आठवल्या.

शोभा गुर्टू म्हणजे ठुमरी-दादरा, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. १९२५ साली बेळगावात जन्म. आई मेनकाबाई शिरोडकर यांच्याकडूनच गाण्याचा पहिला संस्कार, पुढे अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र भुर्जीखाँ यांच्यासारख्यांची तालीम. मराठी प्रेक्षकांनी त्यांचा आवाज 'सामना' चित्रपटात ऐकला. २००२ मध्ये पद्मभूषण मिळालं, २००४ मध्ये त्या गेल्या. त्यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू मात्र आपल्याकडे फारसा माहीत नाही, आणि युरोपात जॅझ ऐकणाऱ्यांना तो चांगलाच माहीत आहे! जन्म १९५१, मुंबईतलाच. लहानपणी तबला शिकला, घरात आईचं गाणं, आणि मग तरुणपणी ड्रमकडे वळला. म्हणजे आमच्या सातवीतल्या मुलाचीच गोष्ट.

त्रिलोकची एक हकीकत मला शिक्षक म्हणून फार आवडते. त्याने स्वतः एका दूरदर्शन कार्यक्रमात सांगितलेली आहे. त्या काळी पाश्चात्त्य संगीत शिकायचं म्हणजे तबकड्या ऐकायच्या. स्टुडिओत एक वाद्य आधी ध्वनिमुद्रित करतात, मग त्याच्यावर दुसरं चढवतात, तिसरं चढवतात, हे त्याला माहीतच नव्हतं. त्यामुळे ऐकू येणारं सगळं एकाच माणसाने एका वेळी वाजवलंय असं समजून त्याने ते एकट्याने वाजवायला शिकून घेतलं. अज्ञानातून आलेला रियाज! कुणीतरी जाणकाराने "अरे, ते तसं नसतं" असं सांगितलं असतं, तर बहुधा तो एवढ्या फंदात पडला नसता. आपण वर्गात किती घाईने "तसं नसतं" म्हणतो, हे मला तेव्हा जरा टोचलं.

पुढे तो युरोपात गेला. डॉन चेरी या अमेरिकन ट्रम्पेटवादकाबरोबर वाजवलं. 'ओरेगॉन' नावाच्या गटात सतार आणि तबला वाजवणारे कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेले, त्यानंतर त्यांच्या जागी त्रिलोक आला. जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर त्रिकुटात वाजवलं. त्याची बसण्याची पद्धत बघा: ड्रमवादक स्टुलावर बसतात, हा जमिनीवर गुडघे टेकून बसतो. शेजारी तबला, समोर ड्रम, झांजा, आणि पाण्याने भरलेली एक बादली. हो, बादली. वाजवलेली घंटा तिच्यात बुडवली की सूर वाकतो.

१९८८ साली त्याने स्वतःच्या नावाची 'उस्फ्रेत' ही तबकडी काढली. तीत डॉन चेरी आहेत, गिटारवर राल्फ टाउनर आहेत, व्हायोलिनवर एल. शंकर आहेत, आणि गायला कोण? शोभाताई. वयाची साठी ओलांडलेली ठुमरी गायिका, मुलाच्या ड्रमबरोबर. त्याआधी, १९७७ च्या सुमाराला, 'एम्ब्रियो' या जर्मन गटाच्या तबकडीतही माय-लेक दोघे होतेच. त्यांच्या घरात यावरून वाद झाले की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण आई त्याच्या नव्या संगीतात स्वतः जाऊन गायली, आणि गायली ती आपल्याच पद्धतीने.

मला एवढा उत्साह आला की पुढच्याच आठवड्यात बदली तास मिळाल्यावर मी वर्गात स्पीकर लावला आणि थेट 'उस्फ्रेत' सुरू केलं. पूर्ण फजिती. दोन मिनिटांत मागच्या बाकांवर हसू फुटलं, एकीने कानांवर हात ठेवले. ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, तो मुलगा तर लाजून खिडकीबाहेर बघत होता. तास संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, यात धरायचं काय?" ती बरोबर बोलली होती. गणितात मी आधी संख्यारेषा देते आणि मग ऋण संख्या. इथे मी धरायला काहीच दिलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी उलटीकडून सुरुवात केली. आधी गाणं नाही, फक्त टाळ्या. एक-दोन-तीन, एक-दोन. एक-दोन-तीन, एक-दोन. प्रत्येक "एक"वर टाळी, बाकी बोटांवर. चाळीस मुलांना चार-चारची सवय असते, त्यामुळे पाच मोजताना पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ. जमल्यावर 'टेक फाइव्ह' लावलं. डेव्ह ब्रुबेक यांच्या चौकडीचं हे १९५९ मधलं वादन, रचना सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांची, पाच मात्रांची. याच्या आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, ब्रुबेक आपल्या मुंबईत येऊन गेले होते आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून वाजवलं होतं. त्याच दौऱ्यात तुर्कस्तानच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकलेली नऊची मोजणी त्यांनी दुसऱ्या एका रचनेत घेतली.

मुलं टाळ्या देत होती, सॅक्सोफोन संपला आणि ड्रमचा एकल भाग आला. ड्रम हवा तसा फिरतो, आणि मागे पियानो तोच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला, "बाई, हा तर लेहरा आहे!"

ज्यांनी तबल्याचं एकल वादन ऐकलं असेल त्यांना कळेल तो काय म्हणाला ते. तबलजी कायदे-रेले वाजवत असताना पेटीवाला एकच ओळ अखंड धरून ठेवतो, म्हणजे आवर्तन हरवत नाही. तेच काम इथे पियानो करतोय. खरं सांगते, हे मला माहीत नव्हतं. पाच वर्षांच्या फीमधून आलेलं हे ज्ञान होतं.

मग मी त्याला बाकावरच झपताल वाजवायला सांगितलं. झपताल दहा मात्रांचा, म्हणजे पाचाची दुप्पट, बसायला हवा. बसेना! झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन, आणि हे गाणं तीन-दोन. तो थांबला, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि तिसऱ्या मात्रेपासून उचललं: धी धी ना ती ना, धी धी ना धी ना. चपखल बसलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या, पण याचं तोंड अजून कडू. "बाई, पण माझी सम कुठे गेली?" सम त्याच्या हिशोबात आता आवर्तनाच्या मधेच पडत होती. एवढ्या प्रश्नावर उरलेला तास गेला, आणि मला वाटतं तोच खरा धडा होता. गणिताचं म्हणाल तर चक्राचा आरंभबिंदू बदलणं, दुसरं काय?

त्यानंतरच्या तासाला पुन्हा 'उस्फ्रेत' लावलं. या वेळी फक्त तीन मिनिटं, आणि एकच काम: शोभाताईंचा आवाज कुठे येतो तिथे हात वर करा. कुणी हसलं नाही. आवडलं का, हे मी विचारलंच नाही. सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की अपरिचित संगीत ऐकवल्यावर लगेच "आवडलं का?" विचारू नका. काय ऐकू आलं ते विचारा.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या उपनगरातलीच आहे. अमेरिकेचे मोठे सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स नाव झालेलं असताना १९५९ मध्ये कार्यक्रम थांबवून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन १९६१ पर्यंत एकट्याने रियाज करत होते. पुढे साठचं दशक संपता संपता ते पुन्हा सगळं सोडून निघाले आणि काही महिने राहिले ते पवईला, साकीविहार रोडवरच्या स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात. ध्यानाला बसणं जमत नाही, अशी त्यांची अडचण होती. वाद्य वाजवतोस तेच तुझं ध्यान, असं त्यांना तिथे सांगितलं गेलं, हे त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. १९७८ मध्ये मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरली तेव्हा धोबीतलावच्या रंगभवनात ते वाजवायलाही आले. अंधेरीहून पवईला जाणाऱ्या बसमधून आपण त्या रस्त्याने किती वेळा गेलो असू!

हे सांगण्याचं कारण असं, की "इंग्लिश धडामधुडूम" हा शब्द त्या आईंच्या तोंडचा असला तरी तो माझ्याही मनात होता. ज्या संगीताला आपण बेशिस्त समजतो त्याच्यामागे किती रियाज आहे, ते मुलाला कळण्याआधी मला कळायला हवं होतं. आणि दुसरी बाजूही आहे. नुसता ड्रमचा सेट विकत घेऊन त्रिलोक गुर्टू होत नाही. लेहरा ओळखणारा कान तबल्याने दिला होता. तो मुलगा तबला सोडतोय की बरोबर घेऊन निघालाय, हे मी त्याच्या वडिलांना कसं सांगावं, याचा बरेच दिवस विचार करत होते.

ते मागच्या महिन्यात शाळेच्या फाटकापाशी भेटले. मध्यमाचा फॉर्म भरलाय, ड्रमचं मे महिन्यात बघू, असं ठरलंय म्हणाले. मुलगा खूश आहे का, ते त्यांनी सांगितलं नाही. पण स्कूटर चालू करता करता थांबले. "बाई, ते पाचाचं गाणं कुठलं हो? हा जेवताना ताटावर चमच्याने वाजवतो आणि मला म्हणतो, बाबा, सम दाखवा. मला काही सापडत नाही."

मी म्हटलं, "तिसऱ्या मात्रेपासून मोजून बघा."