मुठेल, उटणे आणि गावचा साबण

कोकणातील जुन्या घरांतून फडताळाच्या वरच्या फळीवर अंड्याएवढा, पिवळट पांढऱ्या रंगाचा एक गोळा कागदात गुंडाळून ठेवलेला असे. थंडीत टाचांना भेगा पडल्या, ओठ उलले, की त्याचा लहानसा तुकडा दिव्यावर धरून पातळ करावयाचा आणि भेगेत भरावयाचा. कोकमाच्या बियांपासून काढलेले हे मुठेल होय. ते विकत आणण्याची गरज नसे, आणि ते संपले तर शेजारच्या घरी मिळे.

अशा वस्तूंना अलीकडे पुन्हा मागणी आली आहे. गावोगावच्या महिला बचत गटांनी साबण, उटणी व मलमे करावयास घेतली असून जिल्ह्याच्या प्रदर्शनांतून त्यांची विक्रीही होते. कच्चा माल गावचा, भांडवल थोडे, आणि काम घरबसल्या करता येण्याजोगे. तेव्हा या उद्योगास उत्तेजन देणे योग्यच आहे. परंतु उत्तेजन देताना आपण बहुधा पाटीवरील ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून थांबतो. आत काय आहे, ते कसे तयार झाले, याची विचारपूस होत नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका गटाची यशोगाथा लिहिण्यासाठी प्रस्तुत लेखक कोकणातील एका गावी गेला होता. गटाने केलेला खोबरेलाचा साबण गावच्या शाळेने मुलांच्या हात धुण्यासाठी घेतला होता. पहिल्या खेपेचा माल उत्तम निघाला. दुसऱ्या खेपेच्या साबणाने मात्र मुलांच्या हातांची आग होऊ लागली, दोघातिघांच्या बोटांची साल निघाली, आणि मुख्याध्यापकांनी साबण बंद केला. मी पोहोचलो तो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. “साहेब, आम्ही वेगळे काहीच केले नाही. तेच तेल, तीच लोटी,” असे गटाच्या अध्यक्षाबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते आणि चूकही तेथेच होती. यशोगाथा अर्थातच लिहिली गेली नाही. त्याऐवजी हा लेख लिहीत आहे.

रानातले सगळेच सौम्य नसते

जे निसर्गातून आले ते निरुपद्रवी, ही समजूत शहरात रुजली असेल तर समजण्यासारखे आहे. खेड्यातील माणसाला तरी ती पटू नये. बिब्बा रानातच येतो आणि त्याच्या तेलाने कातडीवर फोड उठतात. खाजकुयली कोणत्या कारखान्यात तयार होत नाही. लिंबाचा रस अंगाला लावून उन्हात काम केल्यास भाजल्यासारखे चट्टे उमटू शकतात. म्हणून वस्तू कशापासून केली याइतकेच ती किती प्रमाणात, किती स्वच्छतेने आणि कोणत्या मोसमात केली, यालाही महत्त्व आहे.

कोकमाची बी

कोकमाचे फळ एप्रिल-मे महिन्यांत पिकते. सालीची आमसुले होतात, रसाचे आगळ व सरबत होते, आणि बिया पुष्कळ ठिकाणी उकिरड्यावर जातात. वास्तविक या बियांमध्ये वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा स्निग्धांश असतो. बिया धुऊन गर पूर्णपणे काढावा व कडक उन्हात वाळवाव्यात. मग टरफल फोडून आतील मगज कुटावा. ही पूड पाण्यात घालून चांगली उकळावी आणि भांडे रात्रभर निवू द्यावे. सकाळी पाण्यावर स्निग्धांशाचा थर धरलेला असतो. तो काढून, पुन्हा गरम करून गाळावा व मुठीत दाबून गोळे वळावेत. मुठेल हे नाव या मुठीवरूनच पडले असे सांगतात. या पद्धतीने सर्व स्निग्धांश निघत नाही. घाण्यावर किंवा यंत्रावर तो अधिक निघतो.

खरी अडचण पावसाची असते. उशिरा उतरवलेल्या फळांच्या बिया वाळण्यापूर्वी मृगाच्या सरी आल्या, की बियांवर बुरशी धरते आणि त्यांचे मुठेल काळपट व खवट निघते. अशा बिया स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत.

मुठेल साधारण चाळीस अंश उष्णतेला वितळते, त्यामुळे उन्हाळ्याचे दिवस सोडले तर ते घट्ट राहते. नुसते मुठेल अंगाला चोळणे कठीण जाते. एक भाग मुठेल व दोन भाग खोबरेल मंद आचेवर एकत्र करून डबीत ओतल्यास चांगले मलम होते. या मलमात पाण्याचा अंश नाही, आणि त्याच्या टिकाऊपणाचे कारण तेच आहे. पाणी नसल्यामुळे त्यात जंतू वा बुरशी वाढत नाही. काही गट त्यात कोरफडीचा गर किंवा गुलाबपाणी मिसळतात. ते दिसावयास सुंदर दिसते, ग्राहकालाही आवडते. पण पाण्याचा अंश आत गेला की योग्य परिरक्षकाशिवाय अशी वस्तू थोड्याच दिवसांत बिघडते, आणि बिघडल्याचे दर वेळी डोळ्यांना दिसतेच असे नाही. कोरफड लावावयाची असेल तर पानातून ताजी काढून लावावी.

उटण्याबाबतही हीच काळजी घ्यावयाची. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद, मुलतानी माती वगैरे जिन्नस कुटून उटणे करतात. हे जिन्नस आश्विनात बाजारातून येतात तेव्हा पावसाळ्याची ओल त्यांच्यात मुरलेली असते. ते पुन्हा वाळवूनच दळावेत, चाळावेत व कोरड्या डब्यात भरावेत. चंदनाच्या नावाने मिळणारी स्वस्त पूड चंदनाची असण्याचा संभव कमी. तेव्हा पाकिटावर चंदनाचे नाव घालण्याचा मोह टाळलेला बरा. नव्या माणसाने उटणे आधी कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी.

साबण : लोटी आणि तराजू

मुठेल व उटणे यांत चूक झाली तर वस्तू वाया जाते. साबणात चूक झाली तर माणूस भाजतो.

तेल आणि तीव्र क्षार यांचा संयोग झाल्याखेरीज साबण होत नाही. पूर्वी राखेच्या निवळीने कपडे धूत, तिच्यातही क्षारच असे. आज वडीच्या साबणासाठी कॉस्टिक सोडा वापरावा लागतो. त्यामुळे ‘रसायनविरहित साबण’ असे जे छापले जाते ते बरोबर नाही. प्रमाण अचूक असेल तर सर्व सोडा तेलाशी संयोग पावतो व तयार वडीत मोकळा सोडा उरत नाही, एवढेच खरे आहे, आणि तेवढे पुरेसेही आहे.

प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. एक ग्रॅम खोबरेलास सुमारे ०.१८३ ग्रॅम, मुठेलास ०.१३५ ग्रॅम आणि एरंडेलास ०.१२८ ग्रॅम सोडा लागतो. समजा, ७०० ग्रॅम खोबरेल, २०० ग्रॅम मुठेल व १०० ग्रॅम एरंडेल घेतले. तर सोडा अनुक्रमे १२८.१, २७ आणि १२.८, म्हणजे एकूण १६७.९ ग्रॅम होईल. खोबरेलाचा साबण मळ फार जोराने काढतो व कातडी कोरडी करतो. म्हणून थोडे तेल मोकळे राहावे यासाठी सोडा दहा टक्के कमी, म्हणजे १५१ ग्रॅम घ्यावा. पाणी त्याच्या दुप्पट, सुमारे ३०० ग्रॅम. तेल बदलले की हिशेब नव्याने मांडावयाचा. शाळेतील सातवीचा विद्यार्थी हे गणित करू शकतो.

आता त्या लोटीविषयी. गट सोडा लोटीने मोजत होता. पहिल्या खेपेस पोत्याच्या वरचा, पापुद्र्यांच्या रूपातील सोडा लोटीत आला. त्यात पोकळी पुष्कळ असते. दुसऱ्या खेपेस पोत्याच्या तळाचा चुरा आला. तो लोटीत दाबून बसला. माप तेच राहिले, वजन वाढले, आणि जास्तीचा सोडा वडीत मोकळा राहून मुलांच्या हाताला लागला. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा तराजू गटाकडे असता तर हे घडले नसते. साबण करावयाच्या सामानात पहिली खरेदी तराजूची असावी, साच्यांची नव्हे. तेलदेखील लिटरने न मोजता वजनानेच घ्यावे.

सोडा नेहमी पाण्यात हळूहळू घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण मिश्रण उसळून अंगावर येते. मिसळताना ते आपोआप खूप तापते व त्याच्या वाफा घशाला झोंबतात. म्हणून हे काम उघड्या जागी, रबरी हातमोजे व चष्मा घालून, मुलांना दूर ठेवून करावे. जर्मनची पातेली मुळीच वापरू नयेत. सोड्याने ती खाल्ली जातात आणि पेट घेणारा वायू निघतो. स्टीलचे भांडे चालते, पण ते पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. अंगावर थेंब उडाल्यास ताबडतोब वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धुवावे. लिंबू किंवा व्हिनेगर चोळत बसू नये. डोळ्यात गेल्यास तसेच धुऊन विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

सोड्याचे पाणी व वितळवलेले तेल दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र करून ढवळावे. रवीवरून ओघळलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहू लागली की मिश्रण साच्यात ओतावे. दुसऱ्या दिवशी वड्या पाडता येतात. पण पाडलेल्या वड्या चार ते सहा आठवडे सावलीत, वारा लागेल अशा फळीवर ठेवल्याशिवाय वापरू नयेत. या पद्धतीत ग्लिसरीन वडीतच राहते आणि साबण उकळण्याच्या पद्धतीप्रमाणे खारट क्षारयुक्त पाणी ओढ्यात सोडावे लागत नाही, हा पर्यावरणाच्या दृष्टीने तिचा मोठा गुण आहे. भांडी धुतलेले पाणी मात्र विहिरीजवळ ओतू नये.

माल तपासण्यासाठी विज्ञानशिक्षकांचे साहाय्य घ्यावे. साबणाचा किस निर्जल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकावेत. गडद गुलाबी रंग आला तर मोकळा सोडा आहे असे समजावे. अनेक माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळेत हे द्रावण असते.

इतर जिल्ह्यांसाठी

१९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे सूत्रधार होते. पुढे १९५७ साली स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेले व साबण या उद्योगास आपल्या कार्यक्रमात स्थान दिले. खाण्याचे तेल ताटात राहावे आणि साबणासाठी कडुलिंब, करंज, मोह यांचे तेल वापरावे, हा त्यामागील विचार होता. (मोहाचे तेल अखाद्य ठरवले ते शहरवासीयांनी, पूर्व विदर्भातील गोंड घरांत ते आजही स्वयंपाकात असते.) कडुलिंबाच्या लिंबोळ्या नेमक्या पावसाच्या तोंडावर पडतात. त्या गरासह ढीग करून ठेवल्या तर दोन-तीन दिवसांत आंबतात; गर काढून, धुऊन, सावलीत पसरल्यास तेल चांगले निघते. कडुलिंबाच्या तेलाचा वास उग्र असल्याने साबणात ते दहावा हिस्सा पुरे. वनक्षेत्रातील ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी हे ध्यानात ठेवावे की, १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. बिया वेचणाऱ्या बाईला बियांचा रास्त भाव मिळतो की नाही, हे साबणाच्या पाकिटावर कोठेच लिहिलेले नसते. ते ग्रामसभेतच विचारावे लागते.

परवाना

घरच्या वापरासाठी साबण करण्यास परवाना लागत नाही. विक्रीसाठी लागतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यातील सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येतून पूर्वी साबण वगळलेला होता; १९८२ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. आता सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत व परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. स्वतंत्र व स्वच्छ जागा, देखरेखीस पात्र तांत्रिक व्यक्ती, आणि वेष्टनावर घटक, निव्वळ वजन, तुकडी क्रमांक, उत्पादनाची व वापराच्या मुदतीची तारीख, उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक या गोष्टी आवश्यक ठरतात. ‘खरूज बरी होते’ असे छापले की ती वस्तू प्रसाधन न राहता औषध ठरते व तिचे नियम वेगळे आहेत. एकट्या गटाला हा खर्च न पेलल्यास तालुक्यातील चार-पाच गटांनी मिळून एकच उत्पादन केंद्र उभारावे आणि पंचायत समितीने जागेची सोय पाहावी, हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. ज्या अधिकाऱ्यांनी प्रदर्शनात गाळा दिला त्यांनी अर्ज भरण्यासही मदत केली पाहिजे. उद्घाटनाच्या फितीपाशी आपले कर्तव्य संपत नाही, असे मला स्पष्टपणे वाटते.

त्या गटाने नंतर तराजू घेतला. बिघडलेल्या वड्या त्यांनी जमिनीत न पुरता बाजूला काढून ठेवल्या आहेत आणि त्यांवर लाल खडूने फुली मारली आहे. पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत वड्यांना पाणी सुटते, हे ध्यानी आल्यावर साबणाचे काम दसऱ्यानंतर व मुठेलाचे काम मे महिन्यात, अशी वाटणी त्यांनी स्वतःच केली. परवान्याचा अर्ज गेला असून तोपर्यंत साबण सभासदांच्या घरीच वापरला जातो. मुख्याध्यापकांनी नव्या खेपेच्या दोन वड्या मागून घेतल्या आणि प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवल्या. त्यांवर वजन, सोड्याचा हिशेब आणि वड्या पाडल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती.